कोणीच ओरडलं नाही

मावशीच्या दोन्ही डोळ्यांत रोज संध्याकाळी एकेक थेंब पडला पाहिजे, एवढीच तिच्या डोळ्यांची अट आहे. दुखणं काचबिंदूचं. डोळ्यातला दाब वाढला की ते नजर कडेकडेनं खात आत सरकतं, आणि एकदा गेलेली नजर परत येत नाही. थेंब पडत राहिला तर आहे तेवढं टिकतं. डॉक्टरांनी हे आम्हा दोघींना समोर बसवून सांगितलं तेव्हा मावशीनं लगेच मान डोलावली होती. मावशी सगळ्यालाच मान डोलावते.

ती माझ्या आईची धाकटी बहीण. आई गेली तेव्हा मी शाळेत होते. पुढचं सगळं मावशीनं केलं. जन्मभर तिनं छापखान्यात मुद्रितं तपासायची नोकरी केली. दुसऱ्यांच्या चुका समासात बारीक अक्षरात दुरुस्त करायच्या आणि हूं की चूं न करता कागद पुढच्या टेबलावर सरकवायचा. घरीही तेच. मी दूध उतू घालवलं की ती मुकाट्यानं ओटा पुसून टाकायची, आणि झाला प्रकार मला ओटा जरा जास्तच चकचकीत दिसला की कळायचा. तिचा आवाज चढलेला मी कधी ऐकला नव्हता. माझा राग मात्र नाकाच्या शेंड्यावर आणि एक पाय कायम दाराबाहेर. ती मला घाईबाई म्हणते.

मी प्रॉडक्ट मॅनेजर आहे म्हणजे नेमकं काय करते, हे तिला समजावण्याचा मी एकदा नेटानं प्रयत्न केला होता.

"घरपोच औषधांचं ॲप आहे ना, ते माझ्याकडे असतं," मी म्हणाले.

"तू बनवतेस?"

"नाही, बनवणारे वेगळे."

"मग विकतेस?"

"विकणारे त्याहून वेगळे. काय ठेवायचं आणि काय काढायचं, ते मी ठरवते."

मावशीनं थोडा विचार केला. "म्हणजे हात कोरडे ठेवून सगळ्यांना कामाला लावतेस," ती म्हणाली. माझ्या कामाची याहून अचूक व्याख्या मला आजवर कुणी दिलेली नाही.

या कामात ठेवण्यापेक्षा काढणं अवघड. ॲपात वर्षानुवर्षं गोष्टी साचत जातात, माळ्यावर सामान साचतं तशा. कुणीतरी कधीतरी मागितलेलं एक बटण, कुणाच्या तरी हट्टापायी घातलेली एक सोय. कोणी वापरत नाही, पण प्रत्येक नवीन गोष्ट करताना तिला धक्का लागत नाही ना, हे बघत बसावं लागतं. आणि काढू का म्हणून विचारलं तर जो तो म्हणतो, असू द्या की, तुमचं काय खातंय! म्हणून आमच्या धंद्यात एक युक्ती आहे. विचारायचंच नाही. ती गोष्ट गुपचूप लपवून ठेवायची आणि कान देऊन बसायचं. कोणी ओरडलं तर निमूट परत लावायची. कोणी ओरडलं नाही तर कायमची टाकून द्यायची. याला आम्ही ओरड चाचणी म्हणतो. आधीच्या नोकरीतून मी ही युक्ती इथं घेऊन आले आणि तिच्या जिवावर मी बरीच अडगळ काढली. मला त्याचा अभिमानही होता.

यावेळी पाळी आली होती एका चौकोनाची. ऑर्डर देताना अगदी खाली एक छोटा चौकोन असायचा: 'औषध पोचल्यावर फोन करा.' त्यावर खूण केली की औषध घरी पोचल्यानंतर आमच्या फार्मासिस्ट बाई फोन करून कुठलं औषध कशासाठी आणि कधी, ते सांगायच्या. बाई खिडकीजवळच्या कोपऱ्यात कानाला हेडफोन लावून बसायच्या आणि बराच वेळ काहीतरी विणत असायच्या, कारण खूण करणारी माणसं अगदीच थोडी. ऑर्डरचं पान आम्ही नव्यानं बांधत होतो आणि दर खेपेला त्या चौकोनापाशी घोडं अडायचं.

चौकोन बांधला होता अण्णांनी. अण्णा आमचे सगळ्यांत जुने प्रोग्रॅमर. कंपनी तीन टेबलांची होती तेव्हापासूनचे. खरं नाव पगारपत्रकापुरतं, बाकी सगळ्यांचे अण्णा. बोलायच्या आधी ते चहा ढवळतात, साखर घालत नसले तरी.

"चाचणी नको घेऊस याची," ते म्हणाले.

"का?"

"मागे तू ऑर्डरींचा क्रम बदललास, तेव्हा लोक ओरडले. ते ओरडणारे होते. हे लोक वेगळे आहेत."

"वेगळे म्हणजे कसे?"

"हे 'फोन करा' म्हणणारे आहेत. आपण होऊन फोन करणारे नाहीत."

"अण्णा, तुम्हाला तुमच्या चौकोनाचा लळा लागलाय," मी म्हणाले आणि सगळे हसले. अण्णाही हसले. मग त्यांनी पुन्हा चहा ढवळायला घेतला. चौकोन महिनाभर लपवायचं ठरलं.

इथं माझ्या दुसऱ्या एका नियमाबद्दल सांगायला हवं. आमच्या साहेबांच्या बायकोला जांभळा रंग आवडतो. एकदा साहेब घरून आले ते ॲप जांभळं करायचं असं ठरवूनच. केलं. अक्षरं दिसेनात, म्हाताऱ्या माणसांनी आमच्या नावानं बोटं मोडली, आणि ते जांभळं उतरवता उतरवता माझ्या नाकी नऊ आले. तेव्हा मी भर मीटिंगमध्ये जाहीर केलं की यापुढे घरच्यांचं मत धरायचं नाही. बायको, नवरा, आई, सासू, कुणाचंच नाही. घरचा माणूस म्हणजे ग्राहक नव्हे. बायको समोर नसल्यामुळे साहेबांनीही टाळ्या वाजवल्या. हा नियम मी घरीदारी सगळ्यांना ऐकवला. नवरा ॲपबद्दल काही बोलायला लागला की मी नुसतं बोट वर करायची आणि तो गप्प बसायचा.

चौकोन लपवल्यानंतरच्या एका रविवारी मी मावशीकडे गेले होते. ती एकटी राहते, दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांत. खाली सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. खिडकीशी तिची वेताची खुर्ची, खुर्चीशेजारी स्टूल, स्टुलावर छापखान्यातून निवृत्त होताना मिळालेलं भिंग. मी फोनवर कुणाला तरी झापत झापतच जिना चढले होते. चहा झाला. मी चप्पल घालायला लागले तशी ती म्हणाली, "तुमचं ते ॲप हल्ली..."

मी बोट वर केलं. "मावशी! घरच्यांची तक्रार नोंदवली जात नाही. माहितेय ना?"

"हो, खरंच की," ती हसून म्हणाली. "विसरलेच."

"थेंब घालतेस ना वेळेवर?"

"रोज," ती म्हणाली. ते खरं होतं.

महिना संपला. आकडे सांभाळणारी आमच्याकडे एक मुलगी आहे, तिला आम्ही आकडेवाली म्हणतो. तिनं मीटिंगमध्ये पडद्यावर आलेख लावला. तक्रारी होत्या, पण उशिरा आलेल्या पार्सलच्या, फुटलेल्या बाटलीच्या, नेहमीच्याच. चौकोनाबद्दल एक अक्षर नाही. कोणीच ओरडलं नव्हतं. फार्मासिस्ट बाईंना दुसरं काम द्यायचं ठरलं, चौकोन पुढच्या आवृत्तीत मुळासकट काढायचा ठरला. साहेब इतके खूश झाले की म्हणाले, "नवी मुलं रुजू होतायत, त्यांच्यापुढे तू बोल. एवढ्या वर्षांत या कामातून काय शिकलीस, ते सांग." मी त्याच दिवशी मुद्दे काढायला बसले. ओरड चाचणी पहिल्याच मुद्द्यात होती.

त्या आठवड्यात माझा घसा बसला. नुसता बसला नाही, आवाज साफ गेला. नवऱ्यानं घरात शांतता कशी छान वाटते यावर दोन-तीनदा भाष्य केलं. संध्याकाळी मी मावशीकडे गेले, आणि बोलता येत नसल्यामुळे तिच्या स्वयंपाकघराच्या दारात नुसती बसून राहिले. आमच्या कामात हेही एक शिकवतात. माणूस आपली वस्तू कशी वापरतो ते बघायचं असेल तर त्याच्याशेजारी बसायचं आणि तोंड बंद ठेवायचं. अनोळखी लोकांच्या घरी जाऊन मी हे कितीतरी वेळा केलंय. मावशीकडे कधीच केलं नव्हतं, कारण तिथं मीच बोलत असायचे.

ती टेबलाच्या कडेवरून हात सरकवत ओट्यापर्यंत गेली. साखरेचा डबा तिनं न बघता उचलला. पण कप मी जागचा हलवून ठेवला होता, त्यासाठी तिला अख्खी मान वळवावी लागली. चहा ओतताना तिनं कपाच्या काठाला बोट लावून ठेवलं होतं. मला वाटलं, असं का करतेय ही? मग आठवलं की गेल्या खेपेला चहा बशीत सांडला होता आणि मी म्हणाले होते, काय गं, लक्ष कुठाय तुझं!

चहानंतर तिनं खण उघडून दोन पांढऱ्या बाटल्या काढल्या. दोन्ही सारख्याच, अंगठ्याएवढ्या. एकीला रबर गुंडाळलेलं होतं. ती बाटली तिनं चाचपून घेतली, मान मागे टाकली आणि अगदी नेमका एकेक थेंब दोन्ही डोळ्यांत घातला. मग बाटली माझ्या हातात देऊन म्हणाली, "ठेव गं आत."

मी ठेवता ठेवता सहज वाचलं. ते डोळ्यांच्या कोरडेपणाचं औषध होतं, डोळे चुरचुरले तरच घालायचं. मी दुसरी उचलली. दाबाचं औषध तिच्यात होतं, आणि तिचं सील तसंच्या तसं होतं.

ओरडायला तोंड उघडलं तर नुसती हवा बाहेर पडली.

"कधीपासून?" मी कुजबुजले. "मावशी, रबर चुकीच्या बाटलीला लावलंय."

ती खुर्चीत बसली आणि पदराशी चाळा करत राहिली.

"वाटलंच होतं मला," ती म्हणाली. "तुमच्याकडून दर महिन्याला वेगळ्या कंपनीची येते बाटली. कधी उंच, कधी बुटकी. आता दोन्ही सारख्याच आल्या."

"वाचता येत नाही तुला?"

"भिंगातून येत होतं. हल्ली भिंगातूनही येत नाही."

"मग आजवर कसं..."

"त्या बाई फोन करायच्या ना! छान बोलायच्या. म्हणायच्या, आजी, चपट्या खोक्यातली ती दाबाची, तिला आधी रबर लावा, मी थांबते. मी रबर लावेपर्यंत थांबायच्या त्या." मावशीनं हवेत बोट टेकवून दाखवलं. "खाली त्या कोपऱ्यात बोट लावलं की फोन यायचा. गेल्या खेपेला लावलं, आलाच नाही. मला वाटलं, नीट लागलं नसेल. खूपदा लावून बघितलं."

मी तिच्या पायाशी बसले होते. ती माझ्या केसांवरून हात फिरवत होती, जणू काही माझंच दुखणं होतं.

"मला सांगायचं नाही का?"

"सांगत होते की. तू म्हणालीस, घरच्यांची नोंदवत नाहीत." हे ती टोचून बोलली नाही. तिला तो नियम मनापासून पटला होता. "आणि सांगितलं असतं तर तू मला उचलून तुझ्या घरी नेलं असतंस. तुला धीर कुठाय!"

खरं सांगायचं तर पहिल्यांदा मला तिचाच राग आला. एवढं गप्प कशाला राहायचं माणसानं? मग तो राग फिरून माझ्यावर आला आणि तिथंच मुक्काम ठोकून बसला.

डॉक्टरांनी तपासलं. दाब चांगलाच वाढला होता. डाव्या डोळ्याची बाहेरच्या बाजूची नजर आणखी थोडी गेली होती. ती गेलीच, ते म्हणाले, उरलेली राखता येईल. मावशीनं मान डोलावली. बाहेर आल्यावर ती मला म्हणाली, "रडू नकोस, घसा आणखी बसेल."

दुसऱ्या दिवशी मी मीटिंगमध्ये चौकोनाचं काढणं थांबवलं. आवाज नव्हता म्हणून फळ्यावर लिहून थांबवलं. साहेबांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "एका घरच्या माणसासाठी? नियम तूच केलास ना?" ते म्हणाले. तेव्हा आकडेवालीनं एक साधा प्रश्न विचारला: जे पूर्वी खूण करायचे, त्यांनी नंतर काय केलं, हे बघू का? आम्ही तक्रारी बघितल्या होत्या. ती माणसं बघितलीच नव्हती.

तिनं बघितलं. त्यातल्या बऱ्याच जणांनी पुढची ऑर्डरच दिलेली नव्हती. एवढ्या मोठ्या आलेखात ते थोडे लोक कमी झालेले दिसलेच नव्हते. ते ओरडले नाहीत, उठून गेले.

फार्मासिस्ट बाईंनी विणकाम बाजूला ठेवलं आणि एकेकाला फोन लावायला घेतले. मी शेजारी बसून ऐकत होते. एका काकांना वाटलं होतं की आमची कंपनीच बुडाली. एक बाई शेजारणीच्या मुलीला बोलावून खोकी वाचून घेत होत्या, आणि ती मुलगी आता परगावी गेली होती. एका आजोबांचं मला फार लागलं. ते हळूच म्हणाले, "मागच्या वेळी मी तुमच्याशी काही वावगं बोललो का हो? फोन बंद झाला म्हणून विचारतो."

अण्णांनी त्याच दिवशी चौकोन परत लावला. मी मुद्दाम त्यांच्या टेबलाशी गेले. "मी सांगितलं होतं" असं ते म्हणतील म्हणून तयारीनंच गेले होते. ते म्हणाले, "जरा मोठा केलाय. बघ, पुरे का?"

एवढ्यावर मी शहाणी झाले असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं. आवाज परत आला तशी चौकोन मीच लपवला होता हे मी मावशीला सांगून टाकलं आणि तिच्या घराच्या मागे लागले. रविवारी ती डोळे मिटून पडली होती, तेवढ्यात मी सगळं घर सुरक्षित करून टाकलं. सतरंजी गुंडाळून माळ्यावर टाकली, पाय अडकायला नको. डब्यांवर मोठ्या अक्षरात चिठ्ठ्या लावल्या आणि डबे अक्षरांच्या क्रमानं मांडले. स्टूल भिंतीशी सरकवलं. वेताची खुर्ची वाटेत येते असं मला वाटलं, ती आतल्या खोलीत नेऊन ठेवली. निघताना तिला सांगितलं, "आणि महिनाअखेर तू माझ्याकडे राहायला येतेयस. खोली रिकामी करून ठेवलीय."

"बघू," मावशी म्हणाली. मी तो होकार धरला. मुद्रितं तपासणाऱ्या बाईचं 'बघू' मला आजवर वाचता आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी माझं नव्या मुलांपुढे भाषण होतं. मोठ्या खोलीत खुर्च्या मांडलेल्या. साहेब पुढच्या रांगेत, अण्णा आणि आकडेवाली मागे दाराशी. मी मुद्दे बदलून आणले होते आणि चांगल्या रंगात आले होते. चौकोनाची हकीकत सांगून झाली होती. "तेव्हा लक्षात ठेवा," मी म्हणत होते, "ज्याला सगळ्यांत जास्त गरज असते, तो सगळ्यांत कमी ओरडतो..."

माझा फोन वाजला. मावशी होती. ती मला कामाच्या वेळी कधीच फोन करत नाही, म्हणून मी घाबरून तिथंच उचलला.

"खुर्ची कुठाय माझी?"

स्पीकर लावलेला नव्हता. तरी मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं.

"मावशी, काय झालं? तू..."

"बसायला गेले मी आणि खुर्चीच नाही! खिडकी हाताला लागली म्हणून, नाहीतर आपटले असते! तूर म्हणून हातात आली साबण पावडर! स्टूल कुठाय, भिंग कुठाय, काय चालवलंयस तू? मला दिसत नाही गं, पण कुठली वस्तू कुठं आहे ते मला ठाऊक आहे, म्हणून मी एकटी राहते! त्याच्यावर तर माझं सगळं चाललंय! आणि तुम्ही लोक वस्तू हलवता आणि सांगत नाही! तिकडेही हलवलंत, इकडेही हलवलंत! विचारायला तोंड दिलंय ना देवानं? ऐकतेयस का? मी तुझ्याकडे राहायला येणार नाही! हवं तर लिहून देते!"

नवी मुलं खाली बघत होती. साहेब छताकडे बघत होते. मी फोन घट्ट कानाशी धरून उभी होते, आणि माझ्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या. लाज तर वाटत होतीच, पण त्याहून मोठा होता तो आनंद. एवढ्या वर्षांत तिनं पहिल्यांदाच माझी चूक तोंडावर सांगितली होती.

"लागलं तर नाही ना तुला?" मी विचारलं.

"नाही. खुर्ची."

"येते. आत्ता येते."

"घाई करू नकोस, जिन्यावरून पडशील," ती नेहमीच्या आवाजात म्हणाली आणि फोन ठेवला.

मागून अण्णांचा आवाज आला. "घरची तक्रार आहे. नोंदवायची का?"

"नोंदवा," मी म्हणाले. "आणि माझं भाषण संपलं."

मी पोचले तेव्हा मावशी पलंगाच्या कडेवर ताठ बसली होती. मी खुर्ची उचलून बाहेर आणली आणि कुठं ठेवू म्हणून विचारलं. आयुष्यात पहिल्यांदाच विचारलं असेल. तिला सांगायचीही गरज नव्हती, फरशीवर चारी पायांचे डाग होते. तरी तिनं सांगितलं, "खिडकीकडे जरा. आणखी. बास." मग ती मागे न बघता नेमकी बसली. सतरंजी, स्टूल, भिंग, सगळं तिनं सांगितलं तिथं गेलं. डबे मी ओट्यावर काढले आणि ती एकेक हातात घेऊन, हलवून, वास घेऊन जागेवर लावत गेली. चिठ्ठ्या तिनं सोलून काढल्या.

"डोळे आणखी गेले तर?" मी विचारलं.

"तर सांगेन."

"नक्की?"

"आज ऐकलंस ना?" ती म्हणाली. मला हसू आलं. तिलाही आलं, पण तिनं ते दाखवलं नाही.

राहायला येण्याचा विषय मी पुन्हा काढला नाही. काढायचं फार मनात होतं, हेही खरं. ती इथं एकटी राहणार आणि माझा जीव टांगणीला लागणार, याला काही उपाय नव्हता. तो माझा त्रास होता. तिच्या वस्तू हलवून तो मिटवायचा नव्हता.

दाराची घंटा वाजली. तिचं महिन्याचं औषधाचं पार्सल आलं होतं. तिनं ते स्टुलावर ठेवलं, पण उघडलं नाही. मी हात पुढे केला.

"राहू दे," ती म्हणाली. "माझा फोन येईल आता."

थोड्या वेळानं आलाच. मावशी खुर्चीत सावरून बसली आणि तिनं मला हातानं गप्प राहायची खूण केली. "हो बाई, पोचलं. बरी आहे मी. तुमचा स्वेटर झाला का विणून?" मग बरंच हसणं झालं. मग तिनं दोन खोकी काढली, दोन्ही चाचपली आणि बाटल्या स्टुलावर शेजारी शेजारी ठेवल्या. "थांबा हं," ती फोनमध्ये म्हणाली, आणि मनगटावरचं रबर काढून चाचपडत एका बाटलीभोवती गुंडाळायला लागली. एक वेढा सुटला, रबर उडून तिच्या मांडीवर पडलं. तिनं ते शोधलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

बसल्या जागेवरून मला दोन्ही बाटल्यांवरची नावं स्वच्छ वाचता येत होती. मी हात मांडीत ठेवून गप्प बसून राहिले.